ठेकेदाराचं पाणी

आवारखेडच्या मजूर संस्थेची चिठ्ठी निघाली, हे संस्थेच्या अध्यक्षबाईंच्या आधी ठेकेदार सहदेवला कळलं. दर वेळी असंच व्हायचं. झुंबरबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती, तेवढ्यात त्याची पांढरी गाडी दारात येऊन थांबली आणि तो पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला.

सरकारचा नियम असा, की लहानसहान बांधकामांतली काही कामं मजुरांच्या संस्थांसाठी राखून ठेवायची. मोठ्या ठेकेदारानं त्यांत हात घालायचा नाही. कोणतं काम कोणत्या संस्थेला, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. नियम चांगलाच होता. आवारखेडची संस्थाही खोटी नव्हती. तिचे सभासद खरोखरचे मजूर होते, अध्यक्ष झुंबरबाई खरोखर डोक्यावर घमेलं वाहणारी होती. फक्त काम सहदेव करायचा. चिठ्ठी निघाली की तो पेढे आणायचा, सह्या आणि अंगठे घेऊन जायचा, आणि पुढच्या आठवड्यापासून संस्थेचे मालक आपल्याच कामावर रोजानं जायचे. यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नव्हतं. सहदेव काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला बायांना लुगडी वाटायचा.

"काकू, तोंड गोड करा," तो म्हणाला. "नाल्यावरची मोरी आली आपल्याले."

"आपल्याले म्हंजे कोणाले?"

सहदेव हसला. "आपल्या संस्थेले."

"मंग आमीच करतो," झुंबरबाई म्हणाली आणि काडी मोडली.

सहदेव हसतच राहिला, कारण त्याला ते खरं वाटलं नाही. मग त्यानं ओसरीवरच्या खाटेकडे पाहिलं. खाटेवर झुंबरबाईचा नवरा कडूबा पडला होता. पायांना सूज, डोळ्यांखाली सूज. साऱ्या जन्माचा गवंडी, पण आता खाटेवरून उठायलाही हात लागायचा. त्या भागातलं भुईतलं पाणी खारं आहे. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. लहानपणापासून ते पिऊन घरोघरी एखादी तरी किडनी गेलेली असते. डॉक्टरांनी कडूबाला सांगितलं होतं, खारं बंद करा, गोडं पाणी प्या, तेही बेतानं. सांगणं सोपं होतं. दारात नळ होता, पण तो पंधरवड्यातून एकदा घसा खाकरायचा, बादलीभर थुंकायचा आणि गप्प व्हायचा.

"काका, तुमी तरी सांगा यायले," सहदेव म्हणाला. "पुलाचं काम हाये, घर सारवणं नाई. सेंट्रिंग कोन लावन?"

"तुह्या बापाच्या घराची सेंट्रिंग कोनं लावली बे?" कडूबा पडल्या पडल्या म्हणाला. "अजून पडलं नाई ना थे घर?"

मागच्या पावसाळ्यात कडूबाला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा नाला भरून वाहत होता. चौघांनी खाट खांद्यावर घेतली होती आणि कमरेएवढ्या पाण्यातून त्याला पलीकडे काढलं होतं. मध्येच एकाचा पाय घसरला आणि कडूबाच्या नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. त्या नाल्यावरची मोरी दुसऱ्यानं बांधावी आणि आपण त्यावर रोजानं जावं, हे झुंबरबाईला या खेपेला नको वाटलं. यापलीकडे तिच्या मनात मोठा विचार काही नव्हता.

तिनं सहदेवपुढे पाण्याचा तांब्या धरला. त्यानं नेहमीप्रमाणे तांब्याला बोटं लावून ती कपाळाला लावली आणि पाणी गाडीतल्या बाटलीतलं प्यायला.

"पेढे ठेवा," तो जाताना म्हणाला. "अडलं तं आवाज द्या. मी काई परका नाई."

गावात ही बातमी पसरली तेव्हा लोकांना आनंदापेक्षा धक्का जास्त बसला. सभासदच झुंबरबाईकडे येऊन विचारू लागले, की आता रोज कोण देणार, ओरडणार कोण, आणि सुट्टी कोणाला मागायची. तिचा मुलगा भागवत बारावी शिकलेला. कचेरीतली धावपळ त्यानं अंगावर घेतली. मिक्सर, लोखंड, सेंट्रिंगच्या पाट्या असं सगळं त्यानं इथून तिथून जमवलं.

काम सुरू झालं. पाया खोदताना नाल्याच्या काठाची चिकण माती फावड्याला चिकटून यायची आणि प्रत्येक वेळी फावडं पायानं निपटावं लागायचं. उन्हानं टिकावाचा दांडा धरवत नव्हता. बाया दांड्याला ओलं फडकं गुंडाळायच्या. शेजारची सोजराबाई दर तासाला कंबर धरून उभी राहायची आणि म्हणायची, "अध्यक्ष, आज हाजरी लावली नाई तं चालन काय?" आणि सगळ्या हसायच्या. पण कोणी हाजरी चुकवली नाही. सहदेवच्या कामावर मुकादमाची पाठ फिरली की बाया बसायच्या. इथं कोणाची पाठ फिरायचीच नाही, कारण मुकादमच नव्हता.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. सहदेवच्या कामावर प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं असायचं. बांधकामाच्या पिंपातलं पाणी घेऊन कोणी चूळ भरली तरी मुकादम आई-बहिणीवरून ओरडायचा. इथंही सगळ्या घरून बाटल्या आणायच्या. बाटलीत बोअरचं खारं पाणी, अकरा वाजेपर्यंत ते ऊन होऊन जायचं आणि प्यायलं की तहान आणखी वाढायची.

खात्याच्या नवीन इंजिनीअर, सुचिता मॅडम, स्कूटीवरून यायच्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. स्लॅबच्या आधी त्यांनी बोअरचं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

"हे पाणी काँक्रीटला अजिबात वापरायचं नाही," त्या म्हणाल्या. "मिठानं सळई आतून सडते. कालवायला गोडं पाणी आणि नंतर मारायलाही गोडंच. टँकर लावा. पुढचे दोन आठवडे स्लॅब कोरडा दिसता कामा नये, मावशी. उन्हाळा आहे. आता तहानेला राहिला तर जन्मभर कच्चा राहील."

"स्लॅबाचं नशीब आपल्यापरस बरं बाप्पा," सोजराबाई त्या गेल्यावर म्हणाली. "त्याले गोड पाणी, अन् आपल्याले खारं."

स्लॅबच्या दिवशी कडूबानं हट्टच धरला. त्याला खाटेसकट नाल्यावर आणलं. त्यानं भागवतकडून सेंट्रिंगखालच्या टेकूची एकेक बल्ली काठीनं ठोकवून घेतली आणि आवाज ऐकत डोळे मिटून पडला. मिक्सर धडधडू लागला, बायांची रांग लागली, घमेलं या हातातून त्या हातात जाऊ लागलं. सिमेंटच्या पाण्यानं बोटांच्या चिरा चुरचुरत होत्या. संध्याकाळी शेवटची फळी फिरली तेव्हा कडूबा म्हणाला, "आता माह्या नावाचं एक काम झालं." दुसऱ्या दिवसापासून त्याला ताप भरला आणि तो ओसरीवरून हलला नाही.

स्लॅबवर सिमेंटच्या बारीक पाळी घालून वाफे केले होते, त्यांत पाणी उभं ठेवायचं होतं. सकाळी सईदचा टँकर आला. सईद संग्रामपूरचा, तोंडानं कमी आणि हातानं सरळ माणूस. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक गोड्या पाण्याची विहीर धरून तो टँकर चालवायचा. त्यानं पाइप टाकला. पाणी वाफ्यांत पडलं, तसा ओल्या सिमेंटाचा वास उठला. झुंबरबाई बघत उभी होती. तिच्या काखेत घरून आणलेला पाण्याचा पितळी गुंड होता. तो तिनं कशासाठी आणला हे तिनं घरून निघताना स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"सईदभाई, येवढा भरून द्या," ती म्हणाली.

सईदनं गुंडाकडे पाहिलं. "हे तं स्लॅबाचं पाणी हाये ना, वहिनी?"

"एकच गुंड. यायच्यासाठी."

सईदला कडूबाचं दुखणं माहीत होतं. त्यानं पाइप गुंडात धरला.

त्या दिवशी घरात तुरीची डाळ एका उकळीत शिजली. खाऱ्या पाण्यात ती तासन्‌तास टणक राहते. कडूबानं पेलाभर पाणी घोट घोट घेतलं, तोंडात फिरवलं आणि बायकोकडे पाहिलं.

"नळ आला काय व?"

"हाव," झुंबरबाई म्हणाली.

"येवढ्या लवकर?"

"आला."

तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. खरं सांगायचं तर बरंच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई गुंड घेऊन आली. तिच्या नातीला खाऱ्या पाण्यानं हगवण लागली होती. तिला नाही म्हणायला झुंबरबाईकडे तोंड नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओळ लागली. बाया, बापे, हंडे, कळश्या, रंगाचे धुतलेले डबे. सगळे संस्थेचेच सभासद. चोरी म्हणावी तर माल त्यांचाच होता. ओरडायचं तर ओरडणार कोण? ठेकेदार झुंबरबाई, मुकादम झुंबरबाई, आणि पहिला गुंड झुंबरबाईचा. ओळीत मात्र कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लग्नात दुसऱ्यांदा पंगतीला बसलेल्या माणसांसारखे सगळे खाली बघत उभे होते.

टँकरात जे उरायचं ते स्लॅबला मिळायचं. सकाळी वाफे अर्धे भरायचे, दुपारपर्यंत कोरडे ठणठणीत व्हायचे. मग संध्याकाळी बोअरचं पाणी आणून त्यांत ओतायचं. रस्त्याच्या बाजूला बारदानं अंथरली होती, तेवढी ओली ठेवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं ओलं दिसावं. मे महिन्याचं ऊन होतं, त्या दिवसांत झाडावरचा पक्षीही तापून खाली पडतो. माणसाला तहान लागली तर तो मागतो तरी. स्लॅब काही बोलला नाही.

दोन आठवडे झाल्यावर झुंबरबाईनं सकाळी बारदानं उचलली आणि तिचा हात तसाच वर राहिला. स्लॅब पांढरा झाला होता. पिठूर चांदणं पडावं तसा कडेपासून कडेपर्यंत मिठाचा पापुद्रा आला होता. तिनं पदरानं पुसलं, खराट्यानं झाडलं, खाली काळपट दिसलं तसं तिला हायसं वाटलं. ऊन चढलं तसं मीठ पुन्हा वर आलं.

"सोजरे, इकडं ये," तिनं हाक मारली. सोजराबाई आली, तिनं पाहिलं आणि मटकन खाली बसली.

मॅडम आल्या तेव्हा दोघी खराटे घेऊन तशाच उभ्या होत्या. मॅडमनी पिशवीतून हातोडी काढली आणि स्लॅबच्या कडेवर मारली. टण्ण असा आवाज यायला हवा होता. आला तो भद्द असा. कडेचा तुकडा निघाला आणि त्यांच्या बुटावर राखेसारखी भुकटी पडली. त्यांनी दुसरीकडे मारली, तिसरीकडे मारली. सगळीकडे तेच. मग त्या उकिडव्या बसल्या आणि ती भुकटी बोटांत चुरत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पहिलीच नोकरी, आणि या संस्थेनं काम स्वतः करायचं म्हटल्यावर कचेरीत त्यांनीच जामीन राहिल्यासारखं बोलून ठेवलं होतं.

"पाणी कुठं गेलं, मावशी?"

झुंबरबाईच्या मागे सगळी संस्था उभी होती. प्यालो, असं म्हणायला तिची जीभ उचलेना. भुकेनं चोरी केली असती तर सांगता आली असती. आपल्याच हातानं आपल्याच स्लॅबच्या तोंडचं पाणी काढलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"कमी पडलं," ती म्हणाली.

"टँकर रोज आला ना?"

"आला," सईद पुढं झाला. "पण टाकी गळते मॅडम. रस्त्यानं अर्धं सांडते. चूक माही हाये."

झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. सईद जमिनीकडे बघत होता. त्याची टाकी कुठंच गळत नव्हती.

मॅडम उठल्या. "हा स्लॅब फोडावा लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या खर्चानं. पावसाच्या आत नवा पडला तर काम तुमचं. नाही तर काम काढून घेतील, आणि तुमच्या संस्थेला पुन्हा कुणी काम देणार नाही. मला तेच लिहावं लागेल."

त्या गेल्या. अर्ध्या तासात सहदेवची गाडी आली. तो स्लॅबवर चढला नाही, काठावरूनच बघून तो चुकचुकला. "काकू, मी म्हटलं होतं. आताबी बिघडलं नाई. सही द्या, बाकीचं मी पाहतो."

त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचा सूर होता आणि तो झुंबरबाईला जास्त लागला. ती सही न देता घरी गेली.

कडूबा उठून बसला होता. कोणीतरी त्याला आधीच सांगून गेलं होतं. गाव लहान, त्यात सांगणाऱ्याला चालायलाही लागत नाही.

"आवाज कसा आला?" त्यानं विचारलं.

"भद्द."

"पाणी मारलं नाई?"

झुंबरबाई उंबऱ्यातच बसली. पेला त्याच्या उशाशी होता, त्यात सकाळचं उरलेलं पाणी होतं. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं. कडूबानंही पाहिलं. तो गवंडी होता, त्याला जास्त सांगायची गरज पडली नाही.

"नळ आला नव्हता," तो म्हणाला.

"नाई."

मग तो म्हणाला, "म्या स्लॅब प्यालो व."

"तुमी एकल्यानं नाई. साऱ्यायनं—"

"पयला गुंड कोनाचा होता?"

कडूबानं पेला उचलला आणि उरलेलं पाणी खाटेवरूनच ओसरीलगतच्या तुळशीला नीट, न सांडता घातलं. "आता मले बोअरचंच दे," तो म्हणाला. "अन् फोडा थो स्लॅब. सहदेवले सही दिली तं मले तोंड दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी संस्थेनं आपला स्लॅब फोडायला घेतला. रोज नव्हता. ज्याची त्याची मजुरी दुसऱ्या सिमेंटात जाणार होती, हे झुंबरबाईनं सगळ्यांना सांगितलं आणि सोजराबाईनं पहिला घण उचलला. घण पडला की तिच्या दंडाचं मांस थरथरायचं. जे काँक्रीट त्यांनी डोक्यावरून वाहिलं होतं, ते खाली नाल्यात ढेकळांसारखं पडत होतं. सळ्या सोडवून, घासून, सरळ करून ठेवायच्या होत्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे आणि हसायचे. कुणी मोबाइलवर फोटो काढला. या बायांना उभ्या जन्मात कधी कोणी फोडायला एवढं सोपं काँक्रीट दिलं नव्हतं, आणि तीच त्यांची सगळ्यात मोठी शरम होती.

नवा स्लॅब टाकला. सईद टँकर घेऊन आला तेव्हा काठावर माणसं उभी होती, पण कोणाच्या हातात भांडं नव्हतं. झुंबरबाई पाइप धरून वाफे काठोकाठ भरायची. कोरड पडली की घरच्या बाटलीतलं खारं पाणी प्यायची.

कडूबानं त्याची खाट नाल्यावर, बाभळीखाली आणून ठेवायला लावली. "राखण मी करतो," तो म्हणाला. सगळ्यांना कळत होतं हे काय चाललंय, पण त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तो दिवसभर काठी घेऊन पडायचा आणि वाफ्यातलं पाणी उन्हात चमकायचं त्याकडे बघायचा. सूज आता मांड्यांवर आली होती. श्वास घेताना शिट्टी वाजायची. भागवत म्हणाला, विकतचा एखादा जार आणतो उधारीवर. कडूबा म्हणाला, सभासदायच्या लेकराले पाज थो जार.

एका दुपारी सईदनं टँकरखालून पेला भरून खाटेपाशी नेला. "भाऊ, पिऊन घ्या. टाकी भरली हाये."

"स्लॅबाचं झालं?" कडूबानं विचारलं.

"झालं."

"मंग अजून एक पेला त्याले दे."

झुंबरबाई पाइप धरून हे ऐकत होती. पुढं होऊन पेला त्याच्या तोंडाला लावावा असं तिच्या मनात आलं. ती गेली नाही. तिला वाटलं, बरोबर आहे त्याचं. आपल्याला हेच शोभतं. पेला सईदनं वाफ्यात ओतला.

त्यानंतर चारेक दिवसांनी कडूबा सकाळी उठलाच नाही. खाट अजून बाभळीखालीच होती. काठी हातात होती. भागवत हलवत राहिला, हाका मारत राहिला. झुंबरबाई आली, तिनं नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो भलताच. "टँकर आला काय?" ती म्हणाली. सोजराबाईनं तिला घट्ट धरलं, पण ती रडली नाही. तिला काही कळतच नव्हतं.

मसणवट नाल्याच्या पलीकडे. तिरडी उचलून लोक मोरीपाशी आले तेव्हा कोणीतरी म्हणालं, "वरून न्या ना, स्लॅब तं झालाच हाये."

"नाई," झुंबरबाई म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ओला हाये अजून. पाय देऊ नका."

लोक तिरडी घेऊन नाल्यात उतरले. सुकलेल्या गोट्यांवरून, फोडलेल्या जुन्या स्लॅबच्या ढेकळांवरून, ठेचकाळत पलीकडे चढले. मागच्या पावसाळ्यात खाट गेली होती तिथूनच. झुंबरबाई काठावर उभी राहिली. सईदचा टँकर बाजूला थांबला होता. तिरडी दिसेनाशी झाल्यावर तिनं पाइप उचलला आणि वाफे भरले.

तेरावा झाला. पाऊस अजून लागला नव्हता. सुचिता मॅडम हातोडी घेऊन आल्या. त्यांनी कडेवर मारली आणि टण्ण आवाज आला, थेट काठावरच्या बाभळीपर्यंत. मध्ये मारली, टोकाला मारली. सगळीकडे टण्ण. संस्था काठावर उभी होती. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी हसलं नाही. सहदेवही आला होता, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"पास," मॅडम म्हणाल्या. "खूप चांगला झालाय. आता कठडे आणि दोन्हीकडचा भराव राहिला, तोही असाच करा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "काकांचं कळलं मला. मावशी, एक विचारू? पहिल्या वेळी काय झालं होतं? टाकी गळत नव्हती, हे मला माहीत आहे."

झुंबरबाईनं आता काही लपवायचं ठेवलं नव्हतं. "प्यालो," ती म्हणाली. "साऱ्यायनं. पयला गुंड माहा होता. यायच्यासाठी नेला."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की झुंबरबाईलाच भीती वाटली.

"अहो, पण मग मागितलं का नाही?" त्या म्हणाल्या. "मजुरांना प्यायचं पाणी ठेकेदारानं द्यायचंच असतं. गोडं, चांगलं पाणी. ती त्याच्यावर सक्तीच आहे. कामाच्या खर्चातच ते धरलेलं असतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून दुसरा टँकर लावू शकत होता. तुम्हीच तर ठेकेदार होता."

सोजराबाईचं तोंड उघडं राहिलं. भागवतनं कपाळाला हात लावला. कराराच्या अटी वाचून त्यानंच आईची सही घेतली होती, पण ठेकेदारानं मजुराला पाणी द्यायचं, ही अट त्याच्या डोळ्यांखालून गेली तरी डोक्यात शिरली नव्हती. उभ्या जन्मात त्यांना कोणत्याही कामावर कोणी पाण्याचा पेला दिला नव्हता. ठेकेदार पाणी देतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून स्वतः ठेकेदार झाल्यावर त्यांनी स्वतःलाही ते दिलं नाही. हक्काचं होतं ते चोरून प्याले.

झुंबरबाईनं सावकाश मान वळवली. सहदेव गाडीला टेकून उभा होता. त्याच्या एका हातात पेढे होते, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"तुमाले माहीत होतं काय हे?" तिनं विचारलं.

सहदेवनं बाटली पाठीमागे घेतली. कुठं बघावं ते त्याला कळेना. तो म्हणाला ते खरंच होतं, खोटं बोलायचं त्याला सुचलंही नसावं.

"कोणी मागतलंच नाई, काकू."

झुंबरबाईला वाटलं आपण आता ओरडणार, त्याच्या अंगावर धावून जाणार. तसं काही झालं नाही. ती नव्या स्लॅबच्या कडेवर बसली. खाली नाल्यात जुन्या स्लॅबची ढेकळं पडली होती. बाभळीखाली खाटेच्या चार पायांच्या खुणा मातीत अजून होत्या. तो पेला सईदनं ज्या वाफ्यात ओतला होता, ती जागा तिच्या हाताशीच होती. तिनं तिथं तळवा टेकला. दगडासारखं घट्ट झालं होतं.

मग ती उठली.

"सईदभाई, उद्यापासून दोन टँकर आणा," ती म्हणाली. "एक कामाले, एक पियाले."

"दुसरा कोनाच्या नावावर लिहू, वहिनी?"

"ठेकेदाराच्या."

सईदनं टँकरखालून पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. सगळी संस्था बघत होती. झुंबरबाईनं पेला दोन्ही हातांनी घेतला. पहिला घोट तिनं तोंडात तसाच धरला. मग गिळला. पाणी गोड होतं.